ऑगस्टात केनिया, फेब्रुवारीत टांझानिया

सासूबाईंना जाऊन पाच महिने झाले होते, तरी दुपारचे दोन वाजले की मी उठून गोळ्यांचा डबा शोधायचे. फडताळापर्यंत जायचे, मग आठवायचं, आणि परत येऊन खुर्चीत बसायचे. अशाच एका दुपारी टूरवाल्याचे दोन कागद मोबाईलवर येऊन पडले. एक केनियाचा, एक टांझानियाचा. दोन्हींवर सिंह एकच, फोटोसुद्धा तोच. खाली लिहिलं होतं, 'मॅडम, दोन्हीपैकी एक ठरवून आठ दिवसांत कळवा.'

मी नांदेडच्या एका शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं. उत्तर काढा आणि खाली दोन रेघा मारा, हे मी पोरींना किती वेळा सांगितलं असेल. आता मलाच उत्तर द्यायची वेळ आली तर डोक्यात नुसता भुसा.

खरं सांगायचं तर ठरवायची सवयच मोडली होती. नऊ वर्षं सासूबाई अंथरुणावर होत्या. भाजीवाल्यापुढे उभी राहिले तरी हात दुधीकडेच जायचा, कारण त्यांना दुधी पचायचा. कुणाच्या लग्नाला जायचं की नाही, हे त्यांच्या पोटावर ठरायचं. साडीसुद्धा मी डाग दिसणार नाहीत अशा रंगाची घ्यायचे. त्या वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर सोपं गेलं असतं, रागात माणसाला जोर येतो. त्या रोज मला विचारायच्या, 'तू जेवलीस का गं?' आणि मी उत्तर द्यायच्या आत डोळे मिटून घ्यायच्या.

आफ्रिकेचं खूळ माझं नव्हतं, अक्काचं होतं. अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती लातूरला राहते. नवरा गेल्यावर औशाकडची शेती तिनं एकटीनं केली. बैल बाजारात लांबून बघून 'ह्यो लंगडनार' म्हणायची आणि तो पुढच्या वर्षी लंगडायचा. मुलं पुण्याला गेली, शेत बटईनं दिलं, आणि अक्का टीव्हीपुढे बसली. मालिका नाही, बातम्या नाही. जनावरांचं चॅनल. त्यात ती आफ्रिकेतली शिंगवाली काळी जनावरं हजारोंनी नदी ओलांडतात ना, ते बघून ती वेडी झाली होती. त्यांना ती रेडकं म्हणायची.

'येवढी रेडकं, आन राखनारा एक बी न्हाई,' ती मला फोनवर सांगायची. 'माझी चार म्हसरं हिरीवर न्यायची तर दोन माणसं लागायची. ही आपली आपण जातेत कशी, मला येकदा डोळ्यांनी बघायचंय.'

संक्रांतीच्या सुमारास मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिनं विषय काढला. आपण दोघीच जाऊ. टूरवाला तिनंच शोधला होता. बायकांचा गट नेतो, वरण-भात देतो, अशी ख्याती. त्यानं फोनवर समजावून सांगितलं की केनिया काय आणि टांझानिया काय, जनावरं तीच. कळप फिरत असतो. ऑगस्टात तो केनियाच्या बाजूला नदी ओलांडतो, फेब्रुवारीत टांझानियाच्या बाजूला कुरणात वासरं देतो. 'तुम्ही देश बघू नका मॅडम, महिना बघा.'

आम्हा दोघींना हे लगेच पटलं. आमचं माहेर देगलूरकडचं, ओढा ओलांडला की दुसरं राज्य. आमची गाय दिवसभर तिकडे चरायची आणि दूध इकडे येऊन द्यायची. तिला कुणी कधी कागद मागितले नाहीत.

होळीच्या सुमारास अक्का रस्त्यात एका सायकलवर जाऊन आदळली. सायकल उभी होती. मी तिला लातूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. काचबिंदू, आणि तोही बराच पुढे गेलेला. समोरचं दिसतं, कडेचं गेलंय, आणि गेलेलं परत येत नाही. राहिलेलं टिकवायला थेंब घालायचे. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'आगस्टापतुर दिसंल का?'

'दिसेल,' डॉक्टर म्हणाले.

'आन फुडल्या फेब्रुवारीत?'

डॉक्टरांनी थेंबांचं नाव लिहायला घेतलं.

म्हणजे प्रश्न इतका सरळ होता. केनिया म्हटलं की ऑगस्ट, आणि ऑगस्ट म्हणजे अक्काचे डोळे. टांझानिया म्हटलं की अक्का बहुतेक नाही. शाळेतली कुठलीही पोर हे सोडवू शकली असती. मला का सुटत नव्हतं, ते आता लिहिते.

मला पुन्हा कुणाला सांभाळायचं नव्हतं. झालं, लिहिलं. डॉक्टरांच्या जिन्यावरून उतरताना अक्कानं माझा दंड धरला. सासूबाईंचीच पकड, सगळा भार टाकणारी. मला दिसायला लागलं की आफ्रिकेतसुद्धा मी तिला संडासापर्यंत नेतेय, ताटात भात कुठे आणि लोणचं कुठे ते सांगतेय, थेंबांच्या वेळा सांभाळतेय. आणि मनात हळूच आलं की फेब्रुवारी बरी. फेब्रुवारीत अक्का आपणहून 'तूच जा' म्हणेल, आणि मी रिकाम्या हातांनी जाईन. गटातल्या अनोळखी बायकांत बसेन, कुणी मला हाक मारणार नाही. असं मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत मनात आणलं. लाज वाटली, पण विचार काही गेला नाही.

कारण हाताशीच होतं. सासूबाईंचं वर्षश्राद्ध दिवाळीनंतर होतं. घरात कुणी गेलं की आमच्याकडे वर्षभर लग्नकार्य नाही, सणाला गोडधोड नाही, यात्रा नाही. लांबचा प्रवास चालतो की नाही, हे कुणी नक्की सांगत नाही, पण नावं ठेवायला तेवढं पुरतं. मी अक्काला फोन लावला.

'अक्का, सासूबाईंचं वर्ष व्हायचंय गं. ऑगस्टात कसं जायचं? लोक काय म्हणतील, आणि यांना पण बरं नाही वाटायचं. टांझानियाचं बघू. फेब्रुवारीत.'

फोनमध्ये तिच्याकडच्या पंख्याचा आवाज येत होता.

'हाव की,' ती म्हणाली. 'बरोबर हाय तुझं. वर्साच्या आत कसं जायचं. फेब्रुवारीत जाऊ.' आणि मग तुरीला यंदा कीड लई लागली, असं काहीतरी बोलत राहिली.

फोन ठेवल्यावर मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मी चहा टाकला, दोन बिस्किटं खाल्ली. तिसरं मात्र परत पुड्यात ठेवलं.

संध्याकाळी आमचे हे गच्चीवर झाडांना पाणी घालत होते. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात जन्म गेला, त्यामुळे पाणी अजूनही मोजूनमापून सोडतात. जंगलाची त्यांना आवड नाही. 'मला डास इथंच भरपूर आहेत' म्हणून त्यांनी आफ्रिका आधीच नाकारली होती. त्यांनी सहज विचारलं, 'अक्काचं काय ठरलं मग? ऑगस्ट ना?'

'फेब्रुवारी. म्हटलं वर्ष होऊ द्यावं.'

'कोण म्हटलं?'

'मी म्हटलं. तुम्हाला आवडलं नसतं. आणि वन्सं तर बोलल्याच असत्या.'

त्यांनी नळ बंद केला. 'मला तू विचारलंस कधी? का माझ्या बहिणीला विचारलंस?'

विचारलं नव्हतं. दोघांच्या वतीनं मीच बोलून मोकळी झाले होते. आमच्या घरात हे असंच चालतं. जो तो दुसऱ्याला काय वाटेल ते आधीच ठरवून टाकतो आणि मग जन्मभर त्याप्रमाणे वागतो. मी लग्नापासून दोडक्याची भाजी केली नाही, कारण यांना आवडत नाही असं मला वाटायचं. मला आवडत नसेल असं यांना वाटायचं.

'महिन्याची श्राद्धं गुरुजींनी तेव्हाच उरकून दिली,' हे म्हणाले. 'वर्षाचं मी करणार आहे, दिवाळीनंतर. तू ऑगस्टात गेलीस काय न् राहिलीस काय, त्याला काही होत नाही.' नळी गुंडाळत पुढे म्हणाले, 'तुला अक्काला न्यायचं नसंल तर नको नेऊ. दमलीस, मला दिसून राहिलंय. पण हे आईच्या नावावर नको टाकू. आईला तू नऊ वर्षं उचललंस. तिच्या नावावर हे नको.'

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते. माझ्या जिभेला तेवढं अजून जमतं. मी खाली येऊन गॅसपुढे उभी राहिले आणि कशासाठी आले तेच आठवेना.

दुसऱ्या दिवशी लातूरची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून जागा मिळणं म्हणजे नशीब. लोह्यापर्यंत उभी, मग एका बाईनं तिचं बोचकं मांडीवर घेऊन मला टेकायला जागा दिली. खिडकीतून गरम वाफ येत होती. अहमदपूरला उसाचा रस प्यायले, तोही गरमच लागला. सगळा रस्ता मी वाक्यं जुळवत होते आणि एकही पुरं होत नव्हतं. नऊ वर्षांचा शीण असा बसमध्येच नेमका कंबरेत उतरतो.

अक्का खाली चटईवर बसून सुपात डाळ निवडत होती. शेजारी टेबलफॅन भणभणत होता. पूर्वी ती गप्पा मारता मारता डाळ निवडायची. आता सूप नाकाशी धरून, मान कोंबडीसारखी इकडेतिकडे वळवून खडा शोधत होती. माझी चाहूल लागली तशी उठायला गेली आणि कडेचा पाण्याचा तांब्या लवंडला. मी पुसायला वाकले, आणि वाकतानाच मला राग आला. तिचा नाही, तांब्याचा नाही. फडकं पुन्हा माझ्याच हातात आलं, त्याचा राग.

त्या रागातच बोलले. 'अक्का, वर्षाचं कारण खोटं होतं. यांनाही काही नव्हतं. मलाच तुला न्यायचं नव्हतं. मला वाटलं, आता हिलाही सांभाळा. फेब्रुवारीपर्यंत तू आपणहून राहशील, असं मी मनात धरलं होतं.'

अक्का परत खाली बसली. सूप मांडीवर घेतलं.

'मला ठावं हाय,' ती म्हणाली.

'मग हाव कशाला म्हणालीस?'

'तुझा आवाजच तसा येऊन राहिला होता. म्हशीला दिसभर औताला जुपल्यावानी. अशा बाईला काय म्हनावं? हावच म्हनावं.'

'रडलीस?'

'रडले की. मग काय हसू? रेडकं गेली माझी.' तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. 'पर माय, तू मला सांभाळायला कशाला नेऊन राहिलीस? तिथं जीपच्या खाली पाय ठिवू देत न्हाईत. टीव्हीत सांगतेत की. बसूनच बघायचं. मग माझा हात धरून तू जानार कुठं?'

एवढा हिशेब करून ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

'संडासाला मी चाचपत जाईन. भात कुठं हाय ते हाताला कळतंय. थेंब मी आताच आपल्या हातानं घालते, चार पडले तर दोन डोळ्यात जातेत. तुला काय करायचं हाय तिथं?'

'मला काहीच करायचं नाही, अक्का,' मी म्हणाले, आणि रडायलाच लागले. साठी उलटलेली बाई, डाळीच्या सुपापुढे, पोरीसारखी. 'मला काहीच करायचं नाही. मला सिंहसुद्धा नाही बघायचा. मी दमलेय गं.'

'मग नगं बघू,' अक्का म्हणाली. 'तू जीपमदी झोप. मी जागी हाय. समोरचं दिसतंय मला अजून. सिंव्ह आला तर उठवते, न्हाई तर झोप.'

नऊ वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. काळजी घे म्हणणारे पुष्कळ होते, देव बघतोय म्हणणारेही होते. पण तू झोप, मी जागी आहे, असं कुणी म्हटलं नव्हतं.

मी तिथूनच टूरवाल्याला फोन केला. केनिया, ऑगस्ट, दोघी बहिणी. तो म्हणाला, नक्की ना मॅडम, मग बदलता येणार नाही. मी नक्की म्हटलं. फोन बाजूला ठेवला आणि तिथंच चटईवर, सुपाशेजारी, आडवी झाले. डोळे मिटत आले होते. अक्कानं पंखा माझ्याकडे वळवला. तो तिच्या डाव्या अंगाला होता, तिला दिसत नव्हता. तिनं हातानं चाचपून त्याची मान शोधली आणि वारा माझ्या तोंडावर येईपर्यंत ती फिरवत राहिली.