चावीकाकांकडची सुट्टी

चावीकाका कुलूपबंद घरासमोर उभे राहून आत हाक मारायचे. "घरात कोण हाय का?" मग थांबायचे. आतल्या माणसाला हातातलं काम टाकून दारापर्यंत यायला जेवढा वेळ लागेल, तेवढा. कुलपात चावी घालायची ती त्यानंतर.

पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांची वाडी. सतरा घरं, त्यातली चौदा बंद. माणसं मुंबईत, गणपतीला आणि शिमग्याला उगवणारी. जाताना प्रत्येकाने चावी काकांच्या हाती दिलेली. हे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. रोज दिवेलागणीला एकेक घर उघडायचं, झाडू फिरवायचा, देवापुढे दिवा लावायचा, दार ओढून घ्यायचं. चाव्यांना रंगीत चिंध्या बांधलेल्या. कोणत्या घराची कोणती चिंधी, याचा मी एकदा तक्ता करून दिला. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "गो बाय, कुलूप काय वाचतंय?"

मला सगळ्याची यादी लागते. माझ्या दोन मुलींना कबूल केलेल्या वॉटर पार्कच्या सहलीचीही केली होती. चौघांची तिकिटं, महाडहून गाडी, लॉकर, पाण्यात उतरायचे भाड्याचे कपडे आणि घरचा डबा आत नेता येत नाही म्हणून दोन वेळचं खाणं. धाकटीला भिंतीशी उभं करून मोजली. सवलतीच्या उंचीपेक्षा दोन बोटं जास्त भरली, म्हणजे तिचंही पूर्ण तिकीट. नवऱ्याचा एमआयडीसीतला पगार, माझ्या शिकवण्या, सगळं धरूनही अर्धा महिना एका दिवसात संपत होता. यादी फाडली नाही. वर 'पुढच्या वर्षी' लिहिलं आणि मुलींना घेऊन काकांकडे गेले.

थोरली तोंड फुगवून बसली होती. काकांनी तिलाच विचारलं, "त्या पार्कात असतं तरी काय?"

"पाण्याच्या घसरगुंड्या. आणि भूतबंगला."

"भूत बघायला पैसे देतात?"

"तिकिटातच असतं," धाकटीने समजावलं.

"मग बरं. नायतर भुताचं घर कसं चालायचं?"

थोरलीलाही हसू आलं.

संध्याकाळी दोघी त्यांच्या मागे फेरीला निघाल्या, मीही. पहिल्या दोन घरांशी धाकटी खिदळत होती. तिसऱ्या घरापासून तीही हाकेनंतर गप्प उभी राहू लागली. आत गुंडाळलेल्या गाद्या, खुंटीवर कुणाचं तरी दप्तर. एका घरातलं घड्याळ मात्र बरोबर वेळ दाखवत होतं. सेल काका बदलत. "घड्याळ थांबलं की घराला कळत नाय, माणसं कधी येणार ते."

सहाव्या घरासमोर त्यांनी हाक मारली. थांबले. नेहमीपेक्षा बराच वेळ. मग मान हलवली, "बरं, उद्या येतो," म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

"आजोबा, उघडलं का नाही?" थोरलीने विचारलं. तिने माझा हात धरला होता.

"आज नको म्हणाले."

"कोण?"

"घरातली." दूधवाला आला नाही हे सांगावं, तशा आवाजात.

मी मागे वळून पाहिलं. कुलपापासून चौकटीपर्यंत कोळ्याचं जाळं पसरलं होतं. ते एका दिवसाचं नव्हतं.

निघताना काकांनी दोघींकडून कबूल करून घेतलं, पुढच्या मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी मुक्कामाला यायचं. दोघी तयार झाल्या, आणि मी वहीत तारीख टाकली.

पुढच्या वर्षी नवऱ्याला बोनस मिळाला. पार्कचं बुकिंग मिळालं ते नेमकं त्याच शनिवारचं. मुलींना दिलेला जुना शब्द आधी पाळायचा, असं मी ठरवलं. गाडी, कपडे, औषधं, सगळ्यापुढे खुणा झाल्या. काकांना कळवायचं मात्र यादीत आलंच नाही. मुली दिवसभर पाण्यात डुंबल्या. ते पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही.

रविवारी सकाळी आठवलं. म्हातारा माणूस वाट बघत बसला असेल. लगेच फोन लावला.

"काका, चुकलं माझं. कळवायचं राहून गेलं."

"काय कळवायचं?"

"मुली येणार नाहीत ते."

काका हसले. "येणार नाय काय? आलेल्या ना काल. सगळी घरं फिरल्या माझ्यासंगती. धाकटी पडलेला दात दाखवत होती सगळ्यांना."

वाडीत तीन घरं उघडी. 'सगळ्यांना' म्हणजे कुणाला? धाकटीचा दात काल दुपारी पार्कातल्या रांगेत पडला होता आणि तो अजून माझ्या पर्समध्ये, कागदाच्या पुडीत होता.

काकांचं वय झालंय, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. ते आमचं शेवटचं बोलणं. श्रावणात काका गेले. पण त्या सकाळी त्यांचा आवाज ठणठणीत होता, आणि त्यात वाट पाहून थकल्याची खूण नव्हती.

"आज उजाडताच निघाल्या," ते सांगत होते. "वळण उतरेपर्यंत मी बांधावर उभा होतो. पोचल्या ना नीट?"

आतल्या खोलीत दोघी झोपल्या होत्या. मी दारातून डोकावून पाहिलं, एकदा मोजल्या.

"पोचल्या, काका," मी म्हणाले.