हज्जा तळ्यात पडली तेव्हा

सौदीतल्या हाइलला कडाक्याची थंडी पडते, यावर आमच्या गावी कुणाचा विश्वास बसायचा नाही. पण तिथे ऐन थंडीत पहाटे बागेतल्या नळाच्या तोंडाशी बर्फ धरायचं. मी प्लंबर. माझा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा होता तो मालक, त्याच्या घरामागे बागेत एक लहानसं तळं होतं, त्यात लाल-पांढरे मासे. थंडीच्या तोंडावर ते साफ करायचं काम माझ्याकडे असे. मासे टबात काढायचे, अर्धं पाणी सोडायचं, कुजलेली अंजिराची पानं उपसायची. पंप तळातून उचलून वरच्या पायरीवर ठेवायचा, म्हणजे खालचं पाणी ढवळत नाही आणि परत सोडलेले मासे थंडीभर तिथे गपगार पडून राहतात.

त्या बाजूला घरच्या बायकांचा वावर. म्हणून मी फाटकाशी थांबून मोठ्याने खाकरायचो. घरकाम करणारी इंडोनेशियन बाई मागचं दार लावून घ्यायची, मगच मी आत पाऊल टाकायचो. इतक्या वर्षांत त्या घरातल्या एकाही बाईचा चेहरा मी पाहिला नव्हता. पाहायचाही नव्हता.

त्या दिवशी दार उघडलं. कफीलची म्हातारी आई, तिला सगळे हज्जा म्हणायचे, बुरख्यात, काठी टेकत थेट तळ्याकडे आली. मी मान खाली घातली.

"मेले का रे मासे?" तिने अरबीत विचारलं.

"नाही हज्जा, जिवंत आहेत. टबात आहेत."

तिला ते पटलं नसावं. टबात डोकावायला ती काठावरच्या शेवाळलेल्या दगडावर आली आणि तिचा पाय सटकला. काठी एकीकडे, ती पाण्यात, पालथी. काळं कापड फुगून वर आलं, डोकं दिसेना.

मी दोन हात अंतरावर उभा होतो आणि हललो नाही. हात पुढे होईनात. परक्या बाईला हात लावला तर आपलं काय होईल, एवढंच डोक्यात. मग तिचा हात पाण्यावर आपटला. मी तिच्या काखांखाली हात घालून तिला उचललं आणि काठावर टेकवलं. तिने पाणी ओकलं, ती खोकली, रडायला लागली. दारातून ती कामवाली बाई किंचाळत धावत आली. दोघींकडे पाठ करून मी उभा राहिलो.

तिने हज्जाला कसंबसं ओढत आत नेलं, कफीलला फोन लावला. आतून तिचं भराभर बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. ती काय सांगतेय? मी बाहेर काढलं असं, की ढकललं असं? इकामा, तिथे राहायचा परवाना, खिशात होता, तो चाचपला. पळावं असं वाटलं, पण पळून जाणार कुठे? हाताला काहीतरी काम हवं म्हणून पाइप तळ्यात सोडून पाणी भरत बसलो.

कफीलची गाडी करकचून थांबली. तो माझ्याकडे न बघता आत गेला. मग दारातून हाक आली, "यल्ला, इकडे ये!"

आता पोलीस, असंच मला वाटलं. दाराशी जाऊन मी खाकरलो.

"तू उचललंस तिला?"

"हो."

"हात लावून?"

"ती बुडत होती," मी म्हटलं.

तो दारातून बाजूला झाला. मग म्हणाला, "तिला पाय टेकता येत नाही. मला एकट्याला जमत नाहीये. ये, धर."

हज्जाला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं होतं. त्याने डोक्याकडून धरलं, मी पायांकडून, आणि आम्ही तिला गाडीत निजवलं. ती कण्हत होती. गाडी निघाल्यावर मी तिथेच जमिनीवर बसलो.

तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. काही महिन्यांनी ती पुन्हा चालू लागली, असं कळलं. कफील त्या दिवसाबद्दल पुढे एक शब्द बोलला नाही, चांगला नाही, वाईटही नाही. त्यामुळेच माझी भीती जाईना. कितीतरी दिवस फाटकाशी गाडी थांबली की मी हातातलं काम टाकून उभा राहायचो.

त्याच आठवड्यात शुक्रवारी घरी फोन केला होता. बायको म्हणाली, "आवाज असा का येतोय तुमचा?"

"थंडी आहे इथे," मी म्हटलं.