सत्तरमधलं शून्य

बस डेपोत एकतीस वर्षं त्याने गाड्यांवर आकडे रंगवले. सगळे त्याला पेंटरच म्हणायचे. बायकोसुद्धा रागावली की पेंटर म्हणायची. त्याच्या मते आकड्यांत खरं अवघड एकच, शून्य. सात, चार यांत थोडी लबाडी खपून जाते. शून्याला लपायला कोपरा नसतो. वरून डावी बाजू एका दमात खाली आणायची, मग उजवी, आणि तळाशी दोन्ही अशा भेटवायच्या की सांधा दिसता कामा नये. दिसला तर पुसून पुन्हा.

सत्तर नंबरच्या बसवर सात काढून तो शून्याला लागला आणि अर्ध्यावर ब्रश हातातून गळला. लकवा. उजवं अंग गेलं. पाय वर्षभरात काठीच्या आधाराने का होईना चालू लागला, हात मात्र लोंबकळतच राहिला. ते अर्धं शून्य डेपोतल्या मिस्त्रीने पुरं केलं, जमेल तसं. वर सांगायचा, "बस सोडायची होती, भिंतीला टांगायची नव्हती." पुढे कितीतरी वर्षं ते पोचट शून्य शहरभर फिरलं. ती बस समोरून आली की पेंटर मान फिरवायचा.

मग त्याने डाव्या हाताने सुरुवात केली. रोज सकाळी चाळीस शून्यं, जुन्या कागदांवर. जिथं उजवा हात ओढायचा तिथं डाव्याला ढकलावं लागे. ब्रश फाकायचा, रंग ओघळायचा. चार वर्षांनी एका सकाळी त्याने पत्र्यावर सत्तर काढला, लांबून पाहिला, जवळून पाहिला, आणि पुसला नाही.

त्याची मुलगी विद्यापीठाच्या ग्रंथालयात कामाला होती. विद्यापीठाच्या कलादालनात अपंग कलाकारांच्या कामाचं प्रदर्शन भरणार असं कळल्यावर तिने ती पत्र्याची पाटी नेऊन दिली. सोबत बापाला न विचारता सरावाच्या जुन्या कागदांचा गठ्ठाही दिला. तो गठ्ठा त्याने कधीच रद्दीत घालायला सांगितला होता.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी बापलेक बघायला गेले. एका टेबलावर एका आंधळ्या बाईने घडवलेली मडकी होती, भिंतीशी एका बहिऱ्या माणसाने कोरलेली लाकडी दारं. पेंटरने मडक्यांचे काठ वाकून पाहिले, दारांचे सांधे पाहिले. कामं चोख होती. कीव करून आणलेली नव्हती. मग त्याची स्वतःची भिंत आली. काचेच्या सात चौकटींत सात कागद, पहिल्या महिन्यातली शून्यं. बटाट्यासारखी, फुटलेली, ओघळलेली. पाटी टेबलाखाली खोक्यात होती.

त्याचे कान तापले. उद्या अकराला डेपोतली जुनी माणसं येणार होती. त्यानेच घरोघर जाऊन सांगितलं होतं.

दालनाचं काम बघणाऱ्या मॅडम मनाने सरळ होत्या. त्यांनी शांतपणे समजावलं. या कागदांत धडपड दिसते, त्यांच्यापाशी माणूस थांबतो. पाटी सुरेख आहे, पण छापल्यासारखी वाटते.

"काका, तिच्यामागची मेहनत कुणाला दिसणारच नाही."

"दिसू नये म्हणूनच चार वर्षं घातली, मॅडम."

मॅडमनी भिंतीकडे हात केला. मग म्हणाल्या की आता सगळं लावून झालंय, भिंतीवर जागा नाही.

घरी आल्यावर तो खुर्चीत टेकेना. धुतलेले ब्रश पुन्हा धुतले. खिडकीपासून दारापर्यंत काठी टेकत येरझारा घातल्या. बायको म्हणाली, "अहो, बसा की. फरशी झिजेल." शेवटी मुलीसमोर उभा राहून त्याने विचारलं, ती घाण जपून का ठेवलीस?

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही.

"तुमची चांगली शून्यं मी जन्मापासून बघतेय, बाबा. ही काढत होता तेव्हा तुम्ही कुणाशी बोलत नव्हता. आज तुम्ही कसे आहात, ते मला या कागदांवरून कळायचं."

तो खिडकीकडे वळला. येरझारा पुन्हा सुरू झाल्या.

सकाळी आठलाच तो मिस्त्रीच्या दारात. मिस्त्री दाढी करत होता. ड्रिल घे आणि चल, एवढंच पेंटरने सांगितलं. अर्ध्या गालावर फेस घेऊन मिस्त्री म्हणाला, उद्घाटनाला कात्री लागते असं ऐकलं होतं.

दालनात पेंटर थेट मॅडमसमोर गेला.

"कागद राहू द्या. पण सुरुवात टांगलीत तर शेवटही टांगा. माझ्या नावावर एक अर्धवट काम आहे, दुसरं नको."

मॅडम काही बोलायच्या आत मिस्त्री त्या सात चौकटींपुढे जाऊन उभा राहिला होता. पेंटर त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. या माणसाने तीस वर्षांत टोमणा मारायची एक संधी सोडली नव्हती. आता तो काहीच बोलेना. पेंटरला ते सगळ्यांत जास्त लागलं.

मग मिस्त्रीने खोक्यातून पाटी काढली, उजेडात धरली.

"माझं शून्य बरं होतं," तो म्हणाला. "भोक कुठं पाडू?"

पेंटरने मोठा श्वास सोडला. मॅडमनी घड्याळ पाहिलं, मग बाहेर दाराशेजारची रिकामी जागा दाखवली, आणि स्वतःच शिडी धरली.

अकराला माणसं आली. मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं. कागदांपाशी सगळे थांबत, वाकून बघत, हळू आवाजात बोलत. पाटीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. पेंटर दाराशी उभा राहून एकसारखा काठी या बोटांतून त्या बोटांत फिरवत होता.

साडेअकराला काखेत फाइल मारून एक गृहस्थ घाईघाईने आला. पाटी वाचली, आत डोकावला.

"सत्तर नंबरची खोली हीच ना? परीक्षा विभाग?"

"नाही साहेब. ही नुसती पाटी आहे."

"मग लावली कशाला?" असं म्हणून तो तणतणत निघून गेला.

मिस्त्री हसता हसता भिंतीला टेकला. पेंटरने ती हकिकत मॅडमना स्वतः जाऊन सांगितली. मग डेपोवाल्यांना सांगितली. मग मॅडमना पुन्हा सांगितली.

हसणं ऐकून मडकीवाली बाई भिंतीला हात लावत बाहेर आली. मलाही दाखवा म्हणाली. पेंटरने तिची बोटं पाटीवर नेऊन ठेवली. तिने शून्यावरून एक फेरी मारली, दुसरी मारली. तळाशी बोट थांबलं.

"इथं दम घेतलात."

पेंटरने डोळा पाटीला भिडवला. काही दिसेना. मग डावं बोट फिरवलं. केसाएवढा उंचवटा. होता.

"आहे," तो म्हणाला.

"माझ्या प्रत्येक मडक्यात असतो एक. कुणाला सांगत नाही मी."

आत चहा आला होता, डेपोवाले त्याला हाका मारत होते. त्याने मुलीला गाठून विचारलं, प्रदर्शन किती दिवस आहे? महिनाभर, ती म्हणाली.

घरी कपाटामागे एक कोरा पत्रा पडून होता. चहा न घेताच तो निघाला. मुलगी मागून विचारत होती, बाबा, कुठं? आणि मिस्त्री तिला सांगत होता, जाऊ दे त्याला, ड्रिल मी इथंच ठेवतो.