माझ्याआधी बोक्याने नाव सांगितलं

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे.

आज उत्रोलीत भावाच्या मुलीचं बारसं होतं. मी एकटीच आत्या, म्हणजे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा. पण वहिनीच्या भावाने पाळण्यात बोलका बोका ठेवलेला. आपण बोललं की तेच चिरक्या आवाजात परत बोलणारं ते केसाळ खेळणं. जत्रेत एक आलं आणि आता घरोघरी झालंय.

मी वाकून हळूच 'ईश्वरी' म्हणाले. मान वर करायच्या आत बोका साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडला, "ईश्वरी". बाळ दचकून रडलं, बायका हसल्या.

भाऊ म्हणाला, "ताई, परत सांग की, व्हिडिओत नीट आलं न्हाई."

मानाची साडी पाळण्यावर ठेवून निघून आले. नाव बोक्याने सांगितलंय, तर साडीही त्यालाच नेसवा. माझं काही चुकलं का?