पांढऱ्या टाक्यांचा झगा

धाकटीला सरळ शिवलेलं काही आवडतच नसे. शाळेत एकदा तिने गणवेश उलटा घातला. बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं, तर मधल्या सुट्टीत निम्म्या मुली आपापले गणवेश उलटे करून तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. आईने कपाळावर हात मारला. "हिला रस्ता दाखवा, ही कुंपणावरूनच जाणार." थोरली बहीण तेव्हापासून तिच्यामागे सुईदोरा घेऊन फिरत आली, आणि पुढे तोच दोघींचा धंदा झाला.

कपडा पक्का शिवण्याआधी लांब लांब कच्चे टाके घालतात, अंगावर चढवून बघतात, मग मशीन मारतात आणि कच्चे टाके काढून टाकतात. धाकटीने ते काढलेच नाहीत. शिवण बाहेरून, कडा न दुमडलेल्या, धागे लोंबते. एक नावाजलेला डिझायनर म्हणाला, "हे कपडे नव्हेत, पोतेरी आहेत." धाकटीने दुकानावर पाटी लावली, 'पोतेरी मिळतील'. त्या हंगामात गाडीतून उतरणाऱ्या बायका पोतेऱ्यांसाठी रांगेत उभ्या होत्या.

मग एका शेठने पैसा ओतला, दुकानं वाढली, मासिकांवर धाकटीचे फोटो आले. शिवणघर मात्र थोरलीच्या हाती होतं आणि तिथे तिचा एकच नियम होता. शोभेचे टाके लाल, कामाचे पांढरे. पांढरा धागा दिसला की कपडा अजून व्हायचाय.

वर्षातल्या सर्वांत मोठ्या शोच्या आधी धाकटी म्हणाली, "लाल बंद. यंदा सगळं पांढरं."

"मग कच्चं कुठलं आणि पक्कं कुठलं, शिवणघरातल्या बायकांनी ओळखायचं कसं?"

"ताई, ते ओळखू येऊ नये म्हणून तर जन्म घालवला मी. आणि तू माझ्याच घरात वाहतुकीचे दिवे लावून बसलीयेस."

शिवणाऱ्या बायका हसल्या. थोरलीलाही हसू आलं. तिने लाल रिळं कपाटात टाकली.

शोच्या दुपारी शेवटचा झगा घालणाऱ्या मॉडेलचा पाय मुरगळला. धाकटीची नजर थोरलीच्या लेकीवर गेली. कॉलेजातली पोर, ताडमाड उंच, मावशीचं कौतुक बघायला आलेली.

"हिला दे."

"अगं, तिला सवय नाही. लाजाळू आहे ती."

"चालत जायचं, चालत यायचं. माझ्यावर सोड ताई, तिच्या केसालाही धक्का लागणार नाही."

बिनखांद्यांचा तो झगा पोरीला ढगळ होत होता. धाकटीने स्वतः दोन्ही बाजू उसवल्या, कच्च्या टाक्यांनी बसवल्या आणि मशीनवर द्यायचा म्हणून दांडीला अडकवला. तेवढ्यात शेठने हाक मारली, ती गेली. इस्त्रीवालीने पांढरे टाके पाहिले. यंदा सगळेच पांढरे. तिने इस्त्री फिरवून झगा पुढे दिला. थोरलीनेच तो लेकीला चढवला, पाठीची बटणं लावली.

लेक छान चालली. टोकाला जाऊन वळली, टाचेखाली घोळ आला आणि धागा सरसर ओढला गेला. एक बाजू उघडली, मग दुसरी. झगा पायाशी गळून पडला. पोर आतल्या कपड्यांवर, हात छातीशी घेऊन, प्रखर दिव्यांत उभी राहिली.

मग टाळ्या सुरू झाल्या. लोक उठून उभे राहिले. ते टाळ्या वाजवतायत हे थोरलीला कळेचना. ती हाताला लागलेला कुणाचा तरी कोट घेऊन धावली, लेकीला गुंडाळलं. पोरीचे दात वाजत होते.

समोरून धाकटी आली, चेहरा पांढराफटक. आता ही खरं सांगेल, थोरलीला वाटलं. कुणीतरी माइक पुढे केला. "हे ठरवून केलंत?"

धाकटीने उभ्या राहिलेल्या सभागृहावरून नजर फिरवली. "कपडा आपल्याला झाकतो, हा भ्रम आज उतरवला," ती म्हणाली.

लेकीच्या खांद्यावरचा थोरलीचा हात जागच्या जागी थिजला.

सकाळी वर्तमानपत्रांनी धाकटीला डोक्यावर घेतलं. संध्याकाळी कुणीतरी विचारलं, त्या मुलीला आधी सांगितलं होतं का? रडवेला चेहरा मोठा करून छापला गेला. दुकानांवर दगड आले. फुलं पाठवणाऱ्या शेठने कुलपं बदलली. मग धाकटी सांगू लागली, चूक होती, टाके कच्चे राहिले होते. कुणाचा विश्वास बसेना. इतकं झोकात बोलणाऱ्या बाईची चूक कशी असेल?

एका सकाळी ती थोरलीच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. "निदान तुम्ही तरी खरं माना."

लेक दारात आली. "मावशी, टाके कच्चे होते हे मला तिथेच कळलं. शिवणघरात वाढलेय मी. वाटलं, तू येशील, चुकलं म्हणशील. मी हसलेसुद्धा असते गं नंतर."

धाकटीने पुढ्यातला चहाचा कप जवळ ओढला. "टाळ्या वाजत होत्या," ती म्हणाली.

लेक आत निघून गेली. थोरली वाट बघत थांबली, पुढे काही येईल म्हणून. धाकटीने चहावर फुंकर मारली. "ताई, शेठ शिवणघर विकतोय म्हणे. मशिनी आपण घेऊ या का? तू नि मी, पुन्हा पहिल्यापासून?"

थोरलीने तिच्या हातातून कप काढून घेतला आणि दार उघडून उभी राहिली.