सोनाळ्याच्या फोटोतली माणसं

सोनाळ्याहून मी निघालो त्या सकाळी माय रडत होती आणि बाबांचं भलतंच चाललं होतं. एस.टी. हलली तरी ते खिडकीला धरून सोबत चालत होते. जपून राह्य, वेळेवर जेव, पोचल्यावर कळव, यातलं एक अक्षर नाही. "पुन्यात सांगजो बरं साऱ्याइले, ते आपल्या सोनाळ्याले आले होते म्हनून!" शेगावला निघालेली अर्धी गाडी हसायला लागली. मी मान खाली घातली.

'ते' कोण, हे गावात राहिलेल्या तुम्हा लोकांना सांगायला नको. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्या पोरांसाठी सांगतो. स्वराज्याच्या आधी देशाचे एक फार मोठे पुढारी वऱ्हाडात दौऱ्यावर होते, तेव्हा आमच्या गावी घटकाभर थांबले. बाजाराच्या ओट्यावर बसले, पाणी प्याले, चार शब्द बोलले आणि गेले. पाणी दिलं ते माझ्या बाबांनी. खामगावहून आलेल्या फोटोवाल्याने तेवढ्यात एक फोटो काढला, तो पुढे शाळेत लागला. बाबांनी जन्मभर वांगी-मिरच्या पिकवल्या, पण त्यांच्या लेखी आयुष्यात घडलेली गोष्ट ती एकच.

महाराष्ट्र होऊन तीनेक वर्षं झाली होती. पुण्यात एका सरकारी कचेरीत मला कारकुनी मिळाली आणि पहिल्या दिवसापासून मी 'नागपूरकडचा' झालो. तोवर मी नागपूर डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं! बुलढाणा म्हणून एक जिल्हा आहे, हे समजावता समजावता माझा घसा बसायचा. तोंडून चुकून 'मले' निघालं की शेजारचं टेबल ते दिवसभर घोळवायचं. राज्य एक झालं म्हणतात. कुणाच्या नकाशात, ते विचारावंसं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी कचेरीने प्रदर्शन काढायचं ठरवलं. मोठमोठे पुढारी महाराष्ट्रात कुठे कुठे आले, त्याचे जुने फोटो, जिल्हावार. पुण्याला दोन भिंती पुरेनात. बुलढाण्याच्या पाटीखाली नुसता खिळा. मी साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, आमच्याकडे आहे फोटो, मी आणतो. साहेबांनी रजा दिली. बाबांना कळवलं, तर त्यांचा उलट निरोप आला की प्रदर्शन पाहायला ते स्वतः पुण्याला येणार.

शाळेतला तो फोटो मी लहानपणापासून पाहत आलो होतो, म्हणजेच नीट कधी पाहिला नव्हता. रजा घेऊन गावी गेलो, तो खाली उतरवून उजेडात धरला, तेव्हा पहिल्यांदा पाहिला. दरवर्षी जयंतीला आणि पंधरा ऑगस्टला आम्ही फोटोची पूजा करायचो. वरची काच केव्हाच फुटली होती. नवी बसवायची तर गुरुजींपासून सरपंचांपर्यंत सगळ्यांचं एकच, काचेला लावलेलं गंध त्यांना कसं पोचेल? म्हणून गंध थेट कागदावर. कपाळाला लावलेलं ओलं गंध सालोसाल खाली उतरत गेलं होतं. पुढाऱ्यांचा चेहरा उरलाच नव्हता. तिथे एक तांबूस-पिवळा डाग होता. बाकी सगळे स्वच्छ. हातात तांब्या घेतलेले तरणे बाबा, पागोटं सावरणारे पाटील, झेंडा उलटा धरलेला महादू न्हावी. त्यांना गंध लावायचं कोणाला कशाला सुचेल?

मी शाळेतच ओरडलो. इतक्या माणसांत एकालाही दिसलं नाही? सोबत आलेले बाबा शांतपणे म्हणाले, "काऊन बे चिल्लावतं? हे काय बसेल हायेत ना समोर. तुले दिसत नाही काय?" त्यांना खरंच दिसत होते. आणि माझ्या रागाचं काय करावं, ते मला कळत नव्हतं. त्यांनी फोटो स्वतःच्या धुतलेल्या धोतरात गुंडाळून माझ्या हातात दिला.

पुण्यात साहेबांनी फोटो पाहिला, चष्मा पुसून परत पाहिला. "अहो, हे कोणीही असू शकतं."

"सगळं गाव सांगेल, साहेब."

"गाव भिंतीवर टांगता येत नाही हो." माणूस वाईट नव्हता. म्हणूनच जास्त चीड आली. पाट्या रंगवणारा पेंटर म्हणाला, कॅलेंडरवरून चेहरा काढून देतो, कळणारसुद्धा नाही. गावाचं नाव भिंतीवर लागलं असतं, बाबांचा शब्द राहिला असता. एक पूर्ण दिवस मी विचार केला. पण त्या कोरड्या कॅलेंडरच्या चेहऱ्याला बाबा पाणी देताहेत, हे मला बघवेना. मी नाही म्हणालो. बुलढाण्याच्या खिळ्यावर भलत्याच गावच्या सभेचा फोटो लागला, खाली लिहिलं, 'विदर्भ'. आमचा फोटो माझ्या खणात.

बाबा आले ते नवा फेटा बांधून. सगळ्या भिंती फिरले, विदर्भापाशी थांबले. "आपला कुठीसा हाय?" मी खरं ते सांगितलं, आणि सांगताना साहेबांवर, गुरुजींवर, गंधावर, सगळ्यांवर तोंडसुख घेतलं. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आन तो इकडं."

फोटो मांडीवर घेऊन ते हॉलच्या बाहेर पायरीवर बसले. येणारा-जाणारा वाकून बघायचा. बाबा बोट ठेवून सांगायचे, "हा आमचा महादू. हे पाटील. हा मी, पानी देल्लं तवाचा." उठा म्हणायला मी दोनदा पुढे झालो आणि दोनदा मागे फिरलो. एका बाईंनी विचारलं, "आणि हे मध्ये कोण?"

"ते तं तुमाले ठाऊकच हायेत, बाई," बाबा म्हणाले. "ह्याइले कोनी वळखत नाही, म्हनून ह्याइचं सांगून राह्यलो."

बाबा फोटो घेऊन परत गेले. मी पुण्यातच राहिलो, इथेच राहीन. राग अजून जात नाही, 'नागपूरकडचे का?' ऐकलं की आजही डोकं तडकतं. पण गाव कुठलं म्हणून कोणी विचारलं, तर आता एवढे मोठे पुढारी आमच्याकडे आले होते, हे मी सांगत बसत नाही. महादू न्हाव्यापासून सुरुवात करतो. ऐकणारा कंटाळतो, घड्याळ बघतो. मी थांबत नाही.