किल्लीवाली माय

माणसाचे तोंड ती नंतर पाहायची, आधी हात. रामाकोन्याच्या अलीकडच्या गावात काळ्या दगडाचे मारुतीचे जुने देऊळ आहे. त्याची किल्ली तिच्या कमरेला असे. आत जाताना दोन्ही तळहात दाखवायचे, बाहेर येतानाही. सरपंचालाही सूट नव्हती. गाव तिला किल्लीवाली माय म्हणे.

सौंसरहून बातमीसाठी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिने विचारले, "कोनाकडून येऊन राहिला तू?"

"पेपरकडून."

"पेपर कोनाचा हाय?"

मी मालकाचे नाव सांगितले. "मंग तुले काय इचारू," ती म्हणाली. "हात दाखव."

तिच्या संशयाला कारण होते. देवळाच्या बाहेरच्या भिंतीत एक रिकामा कोनाडा आहे. तिच्या लहानपणी तिथली कोरीव मूर्ती शहरातून आलेल्या लोकांनी 'दाखवून आणतो' म्हणून नेली. ती परत आली नाही. "चांगलं निघालं तं नेतात," माय म्हणे, "खराब निघालं तं ठेवतात."

देवळाचे काम सुरू झाले तेव्हा तिने अडवले नाही. ढासळलेले दगड जागेवर बसले, भिंतींवरचा ऑइलपेंट निघाला, पायवाट झाली. नागपूर-छिंदवाड्याचे लोक येऊ लागले. तिने त्यांचेही हात पाहिले. एक बाई चिडल्या, "आम्ही चोर आहोत का?"

"मले काय माईत," माय म्हणाली. "म्हनून तं पाहून राहिली."

अडले ते शेंदरावर. पिढ्यान्‌पिढ्यांच्या लेपांनी मारुतीचा नुसता लाल गोळा झाला होता. कामावरच्या तरुण इंजिनिअरला ही शेंदराची खोळ काढून आतली मूळ मूर्ती लोकांना दाखवायची होती. "मूर्ती इथंच राहील, माय," त्याने सांगितले. मी ते लेखी मागितले. तोंडीच मिळाले.

"ठेवाचंच हाय तं धुऊन काहून पाहून राहिले?" माय म्हणाली. "पोरगी नटवून दाखवतात, ते काय घरी ठेवाले?"

आमच्याकडची रीत अशी की खोळ देव स्वतःच टाकतो. सुटलेली खोळ नदीत सोडायची आणि त्याच दिवशी नवा शेंदूर चढवायचा. त्या नव्या शेंदराला मग कोणी हात घालायचा नाही.

खोळ काढायची होती त्याच्या आदल्या दुपारी मी देवळात पोचलो. कामाची माणसे जेवायला गेली होती. माय सकाळपासून गाभाऱ्यात एकटीच होती. खोळ जमिनीवर पडलेली होती. ती आपोआप सुटली की सोडवली गेली, याची खात्री मी देऊ शकत नाही.

आतला चेहरा एखाद्या कसबी हाताचा होता. पापणीची कडसुद्धा शाबूत होती. माय बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "लय चांगला निघाला गा." आवाजात आनंद नव्हता.

मी कॅमेरा काढला. ती वळली.

"हात दाखव."

मी एक पुढे केला.

"दोन्ही."

कॅमेरा खाली ठेवावा लागला. माझे तळहात तसेच उघडे असताना तिने तेलात कालवलेला शेंदूर उचलला आणि पहिला लेप डोळ्यांवर दिला.

इंजिनिअर परतला तेव्हा मूर्तीवर दिसत होता तो फक्त ओला शेंदूर.

"खाली काय निघालं, माय?"

"देव."

"म्हणजे कोरीव होता का? चांगला?"

"देव चांगलाच रायते."

तिचे हात मनगटाच्या वरपर्यंत लाल होते. त्यांची झडती घेणारे तिथे कोणी नव्हते. नव्या शेंदराला गावाने हात लावू दिला नाही. खोळ काढण्याचा विषय तिथेच संपला.

माय गेल्या हिवाळ्यात वारली. किल्ली आता सुनेच्या कमरेला आहे. देऊळ रोज उघडते, पाहुणे येतात, त्यांच्या फोटोत शेंदूर येतो. कधी शनिवारी गेलो की मी सवयीने दोन्ही हात पुढे करतो.

"तुमचे काय पाहाचे, भाऊ," सून हसून म्हणते, आणि पाहते.